वरचा थर

दुपारी प्रयोगशाळेत भट्टीची बारीक घरघर चालू आहे. आत काचेवर पसरलेला पॉलिमरचा पापुद्रा तापतोय, केसाहून कितीतरी पातळ. वैदेही तोडकर टेबलावर हात ठेवते, हातावर डोकं. पापण्या जड होतात. घरघर हळूहळू माणसांच्या गलक्यासारखी ऐकू येऊ लागते, आणि समोरच्या स्टुलावर नौशाद मुल्ला बसलेला असतो, एकमेकांवर चढलेले पुढचे दोन दात दाखवत हसत.

नौशाद उन्हाळ्यात गेला. एका मैदानाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यात. वैदेही त्याच्याबरोबरच होती, ती वाचली. हा प्रयोग दोघांनी मिळून मांडलेला. पापुद्र्याचे रेणू तळाशी काचेला धरून थिजलेले असतात, वरच्या थरात मात्र हलत राहतात. किती, ते मोजायचं.

हे स्वप्न आहे हे तिला कळतं. तरी ती चहा विचारते. तो नको म्हणतो. छाती दाबली गेलीय, घोट उतरत नाही.

"वरचेच का हलतात, सांग," तो म्हणतो.

"वरच्यांना एका बाजूनं कुणी खेटलेलं नसतं. जागा असते."

"आणि तळाचे?"

तेवढ्यात तिच्या पाठीला भिंत येऊन भिडते. टेबल नाही, भट्टी नाही. जिना आहे, आणि जिनाभर माणसं. कुणाचं तरी कोपर तिचा ओठ फाडतं. पायाखाली काहीतरी ओल्या फांदीसारखं कडाडतं आणि एक बाई ओरडता ओरडता मध्येच गप्प होते. कुणीतरी तिचे केस धरून स्वतःला वर ओढतंय. खाली, भिंतीशी, नौशाद चिणल्यासारखा उभा. त्याचा चेहरा निळा पडत चाललाय.

त्या दिवशी तिचा हात त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. खालून जोराचा रेटा आला आणि ती कठड्यापलीकडे फेकली गेली. आपण माणसं तुडवून बाहेर पडलो, असंच ती तेव्हापासून धरून आहे. जेवताना, अंघोळ करताना, तेच.

आज त्याची कॉलर तिच्या मुठीत येते.

"सोड," तो म्हणतो.

"नाही सोडणार."

तो तिच्या पोटात गुडघा घालतो. ती कळवळते, मूठ सुटत नाही. कापड टरकतं. गर्दी दोघांना खाली खेचायला लागते.

"त्या दिवशी बी असंच ढकललं होतं तुला," तो धापा टाकत म्हणतो. "माझ्या खांद्यावरनं गेलीस. कुणाला तुडवलं नाहीस, तोडकर. मीच चढवलं. आता सोड की."

हे ऐकल्यावर तर ती दुसराही हात घालते. नौशाद मान वळवतो आणि तिच्या मनगटाजवळ कडकडून चावतो. बोटं उघडतात. तो माणसांखाली जातो.

भट्टी बंद पडलेली आहे. खिडकीतून ऊन टेबलावर आलंय. वैदेही ओठ चाचपते. ओठ धड आहे. मग तिचं लक्ष हाताकडे जातं. मनगटाजवळ दातांचे व्रण उमटलेत, खोल, लाल. वरच्या ओळीतले समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले. तिचे स्वतःचे दात सरळ आहेत.

व्रण कडेकडेनं फिके व्हायला लागतात. ती दुसऱ्या हातानं मनगट घट्ट आवळून धरते, भरून येऊ नयेत म्हणून.