सेयिलकानचं आडनाव

सेयिलकानच्या सासऱ्यांचं नाव सादिरबाय. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या तोंडून ते कळण्याची आशा नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी ती डोंगरावरच्या त्या मेंढपाळांच्या घरात सून म्हणून आली. सासूने तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधता बांधता कानात सांगितलं, "घरातल्या मोठ्या पुरुषांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. घेतलीस तर घराची बरकत जाते." किरगिझ घरांत हे प्रत्येकच सुनेला सांगतात. सुना थोडं पाळतात, थोडं विसरतात, आणि कोणी चिडवलं की हसून वेळ मारून नेतात. सेयिलकानने मात्र चौतीस वर्षं ते जिवापाड पाळलं. शेजारच्या कुरणावर सादिरबाय नावाचा दुसरा एक मेंढपाळ होता, त्यालासुद्धा ती "पांढऱ्या घोडीवाले" म्हणायची. ती घोडी मरून दहा वर्षं झाली तरी म्हणायची. म्हाताऱ्याला सुनेचं कोण कौतुक! पाहुणे आले की तो मुद्दाम विचारायचा, "सूनबाई, माझं नाव काय गं?" आणि ती चुलीवरचा चहा ढवळत मान खाली घालायची.

सरकारने यात आणखी एक गुंता करून ठेवला होता. कागदपत्रं करताना साहेबांनी बापाच्या नावाला शेपूट जोडून सगळ्यांना आडनावं देऊन टाकली. नवरा झाला सादिरबायेव आणि ती झाली सादिरबायेवा. म्हणजे बाईला स्वतःचं आडनावही उच्चारायची चोरी. पण अडत नव्हतं. लोकर मोजायच्या दिवशी, मतदानाला, दवाखान्यात तिच्या वतीने नवराच बोलायचा. दोन हिवाळ्यांमागे बर्फाचा कडा कोसळला आणि नवरा त्याखाली गेला. मग ती काही न बोलता पासपोर्ट, म्हणजे ओळखीची सरकारी वही, पुढे सरकवायला शिकली.

तिला मूल फार उशिरा झालं, आणि तेही एकच. उसोन. अठरा पूर्ण होताच त्याला लष्करात नेलं, आणि तिथून दक्षिणेला, सरहद्दीच्या नदीपलीकडच्या लढाईवर. पहिले काही महिने पत्रं आली. मग सात महिने काहीच नाही. मार्चमध्ये खालच्या गावातल्या एका पोराची जस्ताची शवपेटी आली. झाकण उघडायचं नाही, असा हुकूम होता. त्या आईने पेटीच्या चारी कडा नखांनी ओरबाडल्या, पण आत कोण आहे हे तिला कळलंच नाही. ते पाहून आल्यापासून सेयिलकानचं एकच मागणं होतं. पत्र नको, पैसे नकोत, पदक तर नकोच नको. पोराचा आवाज एकदा स्वतःच्या कानाने ऐकायचा.

आणि मे महिन्यात ती चिठ्ठी आली. ताश्कंदहून ट्रंककॉल. गुरुवारी दुपारी तीन वाजता शहराच्या मोठ्या पोस्टात हजर राहावे. बोलावणारा कोण ते लिहिलेलं नव्हतं. तसं ते लिहीत नाहीतच. पोस्टमनने दोनदा वाचून दाखवली. म्हातारा म्हणाला, "ताश्कंदला लष्कराचं इस्पितळ आहे. पोरगंच असणार. ऊठ, निघ."

पासपोर्ट शिक्का मारायला म्हणून शेतकी कचेरीच्या कपाटात अडकलेला, आणि कपाटाची किल्लीवाला लग्नाला गेलेला. म्हातारा म्हणाला, "चिठ्ठी आहे ना? चिठ्ठी पुरते." लोकरीच्या ट्रकमध्ये बसून ती आदल्या दिवशीच निघाली, आणि गुरुवारी अकराच्या सुमाराला पोस्टाच्या पायऱ्यांवर उभी राहिली.

त्या पोस्टात पहिल्यांदा गेलेला माणूस दारातच खुजा होतो. छत इतकं उंच की आत कबुतरं राहतात. मधे संगमरवरी फरशीचं मैदान आणि चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या, चोवीस की सव्वीस. पत्रांची वेगळी, तारेची वेगळी, पार्सल घ्यायची एक आणि द्यायची दुसरी. प्रत्येक खिडकीची जेवणाची सुट्टी निराळ्या वेळी, म्हणजे कुठली ना कुठली खिडकी कायम जेवतच असते. मेजांवर बायका पार्सलांवर पांढरं कापड शिवत बसलेल्या, लाखेचा वास सुटलेला, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला एकच प्रश्न, "शेवटचं कोण?" ज्याला तो विचारता येत नाही, त्याचा नंबर तिथे जन्मात लागत नाही.

सेयिलकानला तो विचारायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. दोन तास तिने लोकांना पुढे जाऊ दिलं. शेवटी एका खिडकीपाशी कोणी नव्हतं, तिथे तिने घाईघाईने चिठ्ठी आत सरकवली. ती खिडकी पार्सलांची. आतल्या बाईने मान वर न करता चिठ्ठी इतर पावत्यांबरोबर खिळ्यावर खोचली, म्हणाली, "फोन पलीकडच्या दालनात," आणि पाटी लावली. जेवणाची सुट्टी.

"माझी चिठ्ठी," सेयिलकान काचेला म्हणाली.

पडदा ओढला गेला. चिठ्ठी खिळ्यावर डोळ्यांसमोर दिसत होती, पडद्याच्या फटीतून, हातभर लांब. दोन वाजता तिथली जेवणाची पाटी गेली आणि दुसरी आली. मोजदाद चालू आहे. तिने काच वाजवली. मागून कोणी तरी ओरडलं, "बाई, घर आहे का हे तुमचं?" ती रडकुंडीला आली आणि पलीकडच्या दालनाकडे धावली.

फोनच्या दालनात खिडकीमागे क्लावदिया इगोरेवना बसायची. जाड भिंगांची, पन्नाशीची, गळ्यात कानाला लावायच्या फोनचा पट्टा. वाईट नव्हती ती. मागच्या वर्षी भलत्याच बाईला दुसरीचा फोन दिला म्हणून तिचा पगार कापला होता, तेव्हापासून ती नियमाला धरून होती.

"चिठ्ठी?"

"तिकडं राहिली."

"पासपोर्ट?"

"कचेरीत."

"बरं बाई. आडनाव सांगा, यादीत बघते."

सेयिलकानने तोंड उघडलं आणि मिटलं.

"आडनाव! ऐकू येतं ना?"

येत होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कोणी ते असं समोरासमोर मागत होतं, आणि नवरा शेजारी नव्हता. तिच्या मनात म्हाताऱ्याचा चेहरा आला. दोन महिने तो खोकत होता. नाव घेतलं आणि त्याचं काही झालं तर? त्याहूनही वाईट, बरकत गेली आणि त्या पोराचंच काही झालं तर? आज, नेमकं आजच, नेम मोडायचा?

रांग कुरकुरली. तिच्या मागे तालाय नावाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, तिच्याच भाषेतला. त्याच्या लक्षात आलं.

"सासऱ्याचं नाव आहे का त्यात, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणत त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान डोलावली.

"मग मला सांगा की हळूच. मी बोलतो."

"तुला सांगायला तरी ते जिभेवर घ्यावं लागेलच ना, बाळा."

"हात्तिच्या! लिहून द्या."

"लिहिता येत नाही. मागच्या मोठ्या लढाईच्या वर्षांत शाळा कुठली? मेंढ्या होत्या."

"नवऱ्याचं नाव?"

"तेही नाही घेत."

तालायने कपाळावर हात मारला. "मावश्यांनो, तुम्ही या देशाला वेड लावाल! मग काहीतरी घ्या ना. बापाचं घ्या!"

बापाचं नाव घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती. इमानकुल. तालायने खिडकीत सांगितलं, "इमानकुलोवा." क्लावदिया इगोरेवनाने यादीवरून बोट फिरवलं. "नाही. ताश्कंदची अशी कोणी नाही. बसा, आली तर पुकारीन," म्हणून तिने कागदावर नोंद केली.

आता हिला वेडी म्हणा, पण बाकावर बसल्यावर सेयिलकानच्या जिवाला शांत वाटलं. तिला वाटलं, पोरगा तिकडून आईलाच मागणार, आई इथे बसली आहे, मग नावाने काय होतंय? तालायचा फोन झाला, तो निघून गेला. तिने पुडक्यातली कुरुताची, म्हणजे सुकवलेल्या दह्याची, एक वाळकी गोळी तोंडात टाकली, पण थुंकीच सुटेना.

तीन वाजून दहा मिनिटांनी कर्णा खरखरला.

"सादिरबायेवा! ताश्कंद! बूथ सात!"

भर दालनात, शंभर माणसांत सासऱ्याचं नाव असं उघडं पडलेलं ऐकून तिचा हात आधी डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. मग ती उठून पळाली. सात नंबरच्या काचेच्या दाराला तिने झटका दिला. आत फोन होता, पण मुका. खिडकीतून सांगितल्याशिवाय तो जोडत नाहीत. ती रांग तोडून खिडकीशी आली.

"माझा आहे. द्या."

"तुम्ही इमानकुलोवा. बसा."

"मीच ती."

"कोण ती?"

"आत्ता बोलावलंत ती!"

"मग नाव सांगा ना. इथे कोणीही येऊन मीच ती म्हणतं."

कर्णा पुन्हा ओरडला. "सादिरबायेवा! ताश्कंद!"

"बाई, पोरगा आहे माझा. सात महिने..." तिने दोन्ही हात काचेवर टेकले. "द्या हो. पाया पडते."

"मला नोकरी घालवायची नाही. एक शब्द सांगा आणि जा."

एकच शब्द होता तो. तिने जोर लावला. ओठ हलले, आवाज आला नाही. जीभ अशी कधी जड होते हे तिला माहीत नव्हतं. मागचे लोक हसायला लागले. कोणी म्हणालं, "प्यायलीय." तिसऱ्यांदा पुकारा झाला. तीन पुकाऱ्यांनंतर ताश्कंदला कळवतात, हजर नाही.

"सादिरबायेवा!" सेयिलकान किंचाळली. "सादिरबायेवा! सादिरबाय माझा सासरा! सादिरबाय! सादिरबाय!" छतातली कबुतरं उडाली. क्लावदिया इगोरेवनाने झटकन जोडणीची खुंटी खुपसली. "धावा, सात!"

तिने फोन उचलला आणि कानाला इतका दाबला की कान दुखला. "उसोन! उसोन, मी आलेय रे! बोल!"

आत नुसती घरघर होती, दूरवर पाणी वाहावं तशी. मग कोण्या बाईचा आवाज, कंटाळलेला, "काढली, ताश्कंदने लाइन काढली," आणि मग तेही नाही. ती बराच वेळ बोलत राहिली. जेवतोस का, जखम आहे का, कोण आहे तिथे. शेवटी क्लावदिया इगोरेवना स्वतः उठून आली आणि तिने तिच्या मुठीतून फोन सोडवला.

"कोण होतं?" सेयिलकानने विचारलं. "आवाज कसा होता? पोराचा होता?"

"आम्हाला आवाज येत नाही हो," ती म्हणाली, आणि तिची भिंगं ओली झाली. "तिकडच्या ऑपरेटरचाच येतो."

पुन्हा लावता येईल का? नाही, नंबर नाही, बोलावणाऱ्यानेच बोलवायला हवं. ताश्कंदला कुठल्या पोस्टातून? तिथे चाळीस आहेत. मोजदाद संपल्यावर मिळालेल्या चिठ्ठीवरही तेवढंच होतं, शहर आणि वेळ.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा म्हातारा दारातच काठी टेकून उभा होता. तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बापाचं नाव दिलं तेही. शेवटी म्हणाली, "बाबा, मी तुमचं नाव घेतलं. लोकांत, ओरडून."

"कितव्या पुकाऱ्याला?"

"तिसऱ्याच्या नंतर."

म्हातारा भिंतीला धरत खाली बसला.

"पहिल्यालाच का नाही घेतलंस गं?" तो म्हणाला. "माझं नाव काय सोन्याचं होतं? कुत्र्याला ठेवलं असतं मी ते! पाहुण्यांसमोर मिरवलं मी तुला, मीच मूर्ख. पोरी, पहिल्यालाच का नाही घेतलंस?" आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

लष्करी कचेरीतून उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. पेटी आली नाही, पत्रही नाही. म्हातारा त्या शरद ऋतूत गेला. नावाने गेला नाही, खोकल्याने गेला. पण हे सेयिलकानला कोणी पटवू शकलं नाही.

ती महिन्याच्या पहिल्या गुरुवारी शहरात येते. आता तिला सगळ्या खिडक्या पाठ आहेत, कुठली कधी जेवते तेसुद्धा. दारात बावरून उभ्या राहिलेल्या खेडुतांना ती हाताला धरून योग्य रांगेत नेते आणि दटावते, "शेवटचं कोण ते विचारा आधी!" क्लावदिया इगोरेवनाला ती लांबूनच दिसते. म्हातारीला उगाच उभं राहायला नको म्हणून ती यादी आधीच पाहून ठेवते आणि काचेआडून मान हलवते. नाही. तरी सेयिलकान रांगेत उभी राहते. तासाभराने खिडकीशी पोचते.

"अहो, सांगितलं ना मी मघाशी खुणेनं," क्लावदिया इगोरेवना म्हणते. "कशाला पाय मोडता?"

सेयिलकान काचेच्या भोकाशी तोंड नेते आणि दालनात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश, एक अक्षर न गाळता म्हणते, "सादिरबायेवा. ताश्कंद."

"नाही, सादिरबायेवा," ती म्हणते. "आज नाही."