उरलेला गाल

मामाचं सलून चौकात आणि डोकं कायम तापलेलं. एक गाल पुरता झाल्याशिवाय दुसऱ्याला साबण लावायचा नाही, ही त्याची जुनी सवय. मतदान मात्र कधी चुकवलं नाही. आमचा देश ज्या देशांच्या संघात आहे, त्याच्या संसदेसाठीसुद्धा. त्याच संघाने दाढीच्या केसाळ ब्रशवर बंदी घातली. ब्रशने कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे!

परवा त्या संसदेतले आमचे खासदारच दाढीला आले. एक गाल झाल्यावर मामाने विचारलं, "साहेब, हा नियम केला कुणी?"

"संघाच्या आयोगाने."

"त्यांना निवडलं कुणी?"

"निवडत नाहीत, नेमतात."

"मग तुम्ही तिथे काय करता?"

"आम्ही शिफारस करतो."

मामाने वस्तरा पुसून ठेवला. "दुसराही गाल करावा, अशी माझी शिफारस आहे. आता बोलवा आयोगाला."