नक्कल तयार होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दिनेशला तर नाहीच.

दिनेश आणि मी अंबरनाथहून एकाच दैनिकाला बातम्या द्यायचो. वालधुनी नदीत रसायनांचे टँकर रिकामे होतात, हे मला त्याच्या आधी ठाऊक होतं. मी गप्प बसलो. त्यानं छापलं, मार खाल्ला — कपाळाला टाके पडले. मग चहाच्या टपरीवर लोक त्याच्यासाठी बाकावरून उठायला लागले. "या, दिनेशदादा." आणि मला — "सरक जरा, भावा." एवढंच. एवढ्यानं माणूस जळतो का? मी जळलो.

मारहाणीची पोलिसांनी नुसती अदखलपात्र नोंद केली, म्हणून त्यानं स्वतःच कोर्टात फिर्याद केली. आरोपी सुटला. अशा सुटकेविरुद्ध अपील करायला आधी हायकोर्टाची परवानगी मागावी लागते, तीही मुदतीत. त्यासाठी निकालाची नक्कल हवी. दिनेशची आई तेव्हा बदलापूरला अंथरुणाला खिळलेली. तो म्हणाला, "तू रोज उल्हासनगर कोर्टात असतोस. नक्कल झाली की वकिलाला नेऊन दे. तुझ्यावर सोडतो."

नक्कल तयार झाल्याचं मी कोर्टातल्या फलकावर वाचलं. आता मुदत धावू लागली, हेही कळलं — कोर्टाच्या बातम्या मीच द्यायचो ना? त्याचा फोन आला. "झाली का रे?"

"नाही अजून. तुला माहितीये इथलं."

असं किती वेळा म्हणालो? मुदत उलटेपर्यंत. विसरलो नव्हतो — फलकासमोर रोज उभा राहायचो.

अर्ज उशिरा गेला; तयार नक्कल वेळेत का नेली नाही, असं हायकोर्टानं विचारलं. वकील म्हणाले, मित्राचं प्रतिज्ञापत्र जोडू. दिनेश म्हणाला, "त्याला कशाला अडकवता? धावपळीत राहिलं असेल त्याचं. माझी चूक म्हणून लिहा." विलंब माफ झाला नाही. परवानगीचा अर्ज तिथंच संपला.

ती बातमी मीच दिली. 'विलंबाचे समाधानकारक कारण अर्जदाराला देता आले नाही.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

ज्याला साधी मुदत सांभाळता येत नाही, तो कसला लढणार — असं टपरीवर बोललं जाऊ लागलं. मी ऐकत होतो. एक दिवस दिनेश आला, तर बाकावरून कुणी उठलं नाही. तो उभ्यानंच चहा प्यायला.

मला बरं वाटलं.