आप्पांच्या फियाटची घडवलेली टाकी

मंडळी, आज आप्पांची जुनी फियाट शिरूरच्या माझ्या गॅरेजातून दौंडला पोचली!

आप्पा म्हणजे दौंडचे रिटायर रेल्वे ड्रायव्हर. गाडीची पेट्रोल टाकी गंजून गेलेली, नवी कुठंच मिळेना. मग पत्रा वाकवून, वेल्डिंग करून मीच बनवली. सीटकव्हर आणि डिकीतलं मॅटही नवं शिवलं.

सकाळी आप्पा स्वतः चालवायला बसले. शेजारी मी, मागं त्यांचा मुलगा. न्हावऱ्याच्या पुढं गाडी आचके देत बंद पडली.

मुलगा म्हणाला, "घरी बनवलेल्या टाकीचं काय खरं न्हाई. भंगारात द्या आता."

आप्पांनी स्टिअरिंग मात्र सोडलं नाही.

माझा टाकीवर पूर्ण भरवसा होता. झाकण उघडलं तर फुस्स आवाज आला. म्हंजी आत हवाच जात नव्हती, मग पेट्रोल बाहेर कसं येणार! डिकीत बघितलं, तर नव्या मॅटखाली टाकीची हवेची नळी दबलेली. तेवढं मॅट कापलं आन् म्हणालो, "आप्पा, मारा स्टार्टर."

गाडी लगेच सुरू झाली. आप्पांनी ती थेट दारात नेऊन उभी केली.

उतरताना मुलानं हळूच विचारलं, "आप्पा, उद्या आईला मी फिरवून आणू का?"

"आण की. मागं मी बसतो."

तुमच्याकडं अशी कुठली गाडी झाकून ठेवलीय?