नुसतं ‘हो’ नको

डॉ. इंदूताईंची आणि माझी पहिली भेट एका हळदीकुंकवात झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात मिरवावी अशी ती भेट नव्हे, पण ताईंनीच बजावलं आहे, "लिहिणार असशील तर ते आधी लिही."

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. लगेच दुसऱ्यांदा दिवस गेले तर आपलं कसं होणार, या धास्तीने मला घास गोड लागत नसे. बराकपूरच्या आमच्या घरात हा विषय काढायची सोय नव्हती. ताई बायकांच्या डॉक्टर आहेत असं कळलं आणि मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. सासूबाई चार हातांवर बसलेल्या. ताई घाईघाईने कुजबुजल्या, "पुढची पाळी आली की तांबी बसवून घे. समजलं?"

मी "हो" म्हणाले.

मी जन्माने कोलकात्याची, माझं मराठी स्वयंपाकघरापुरतं. कॉपर-टीला मराठीत तांबी म्हणतात हे मला कोण सांगणार? ग्रहांसाठी बोटात तांब्याची अंगठी घालणारी माणसं मात्र आमच्या गल्लीतच चार होती. मी सोनाराकडे गेले, बोटाचं माप दिलं आणि अंगठी बसवून घेतली.

तीन महिन्यांनी पाळी बारा दिवस लांबली. ताईंच्या सॉल्ट लेकमधल्या दवाखान्यात गेले, अंगठीचा हात पुढे केला आणि विचारलं, "तांबी घातली होती, तरी असं कसं?" ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुला काय समजलं, ते मी विचारलंच नाही." तपासणीत काही निघालं नाही, पण ते बारा दिवस मी अजून विसरलेले नाही.

त्यांनी माझ्या यजमानांनाही बोलावून घेतलं. हे म्हणाले, "आईला विचारावं लागेल." ताई शांतपणे म्हणाल्या, "आईंना जरूर सांगा. पण आधी हिला विचारलंत का?" मग सगळे उपाय आम्हां दोघांपुढे मांडले, त्यांचे त्रासही सांगितले, आणि निवड माझ्यावर सोपवली.

पुढे मी त्यांच्याच दवाखान्यात समुपदेशक झाले. त्या अंगठीपासून ताईंनी कुणाचंही नुसतं ‘हो’ कधी घेतलं नाही. प्रत्येकीला बंगालीत विचारतात, "की बुझले, बोलो तो?" काय समजलं, सांग बघू. एकदा मान डोलावून निघालेल्या एका सुनेला त्यांनी दारातून परत बोलावलं. ती म्हणाली, "नवरा सुट्टीवर येईल त्या दिवशीच गोळी घेईन." गोळी रोज घ्यायची होती. ताईंनी तिला पुन्हा बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं, बाहेर रांग खोळंबली तरी. बायका उपाय नाकारतात ते अडाणीपणाने, असं कुणी म्हटलं की ताई चिडतात. कुणाला सासूचा धाक असतो, कुणाला शेजारणीने घाबरवलेलं असतं, आणि बऱ्याच जणींना आपल्याला मत आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. अशा चिडलेल्या ताईंसमोर मीही उभी राहत नाही.

आता मनातलं बोलते. गेल्या महिन्यात दवाखान्याचा जिना चढताना ताई तिसऱ्या पायरीवर बसल्या. चेहरा पांढराफटक, हात छातीवर. हृदयाची तपासणी करून घ्या, असं त्यांच्याच विद्यार्थ्याने सांगितलं. ताई "हो" म्हणाल्या. मी आठवड्याने विचारलं, "हो." परवा विचारलं, "अगं हो, करते." तेव्हापासून त्यांनी फोन उचलायच्या आधी दोन रिंगा जास्त वाजल्या तरी मी त्यांच्याकडे निघायला चपला शोधू लागते.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त तुम्हाला साष्टांग नमस्कार. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हां सगळ्यांची प्रार्थना आहे. पण ती ऐकून मान डोलावू नका. तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता, सोबत कोण, हे माझ्यासमोर बसून तुमच्या शब्दांत सांगा. नुसतं ‘हो’ मी घेणार नाही.