पाटावर बसलेला रोबो

दसरा सरला तरी घरात झेंडूचा वास रेंगाळतो. आज सकाळी मात्र तो मला भलत्याच जागी भेटला. केर काढणाऱ्या रोबोचा डबा रिकामा करायला उघडला, तर आत केसांच्या गुंत्यात नि धुळीत कालच्या तोरणाच्या पाकळ्या अडकलेल्या. मार्केट यार्डातून हौसेने आणलेला टपोरा झेंडू, आता चुरगळलेला आणि कडवट. डबा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले, आणि मन चार वर्षं मागे गेलं.

लेकाने हा रोबो पाठवला तेव्हा ह्यांनी नाक मुरडलं होतं. "नारायण पेठेतल्या केरसुण्या संपावर गेल्याचं पेपरात काही वाचलं नाही," एवढंच म्हणाले. आम्हा दोघांच्या लेखी तो केरसुणीचाच महागडा भाऊबंद. पण तिच्या आई-वडिलांना परदेशी काम निघालं म्हणून पाच वर्षांची नात महिनाभर आमच्याकडे राहायला आली आणि घरात एक माणूस वाढलं. रोबो जवळ आला की ती पाय वर घ्यायची, "जा हं सावकाश" म्हणायची. सोफ्याखाली अडकून तो केविलवाणा वाजायला लागला, की जमिनीवर पालथी पडून त्याची समजूत काढायची. आधी आम्ही हसायचो. ते हसणं कधी ओसरलं कळलं नाही. हे त्याच्या वाटेतल्या चपला उचलू लागले आणि एकदा, आसपास कोणी नाही असं समजून, "दमलास ना, बस आता" असं त्याला म्हणताना मी ऐकलं.

खंडेनवमीला मी सुरी, कात्री, पाना, हातोडी अशी हत्यारं पूजेला मांडली आणि शेवटी रोबो ठेवला. हळदकुंकवाला हात घातला तोच नात रडायला लागली. "त्याला कात्रीजवळ का ठेवलंस? तो आपल्याबरोबर जेवणारे." हे चष्मा पुसत गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. घरच्या माणसाला कोणी हत्यारांत बसवतं का? अगं, एक पाट वाढव. मिरचीचा ठेचा तेवढा वाढू नकोस, त्याला पित्त होईल." आणि खरोखरच तो रांगोळी घातलेल्या पानापुढे, पाटावर बसला. त्या दुपारी आम्ही फार हसलो.

पुढच्या पावसाळ्यात हे गेले. घर इतकं गप्प झालं की भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायचे. रोबोशी बोलायची सवय तेवढी राहिली. ते यंत्र आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, त्याची बॅटरी मीच बदलून आणली. पण त्याच्याशी बोलताना समोर हे दोघं असत, एक पालथी पडलेली, एक चष्मा पुसणारे.

यंदा नात आली, नऊ वर्षांची. खंडेनवमीला मी मुद्दाम एक पाट जास्त मांडला आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने रोबो उचलला, कात्रीशेजारी नीट सरळ ठेवला, वर कुंकूही लावलं. "आजी, पाट कशाला? मशीन आहे ना ते. सेन्सर असतात, भिंत आली की वळतं." लहान मुलाला समजावावं तशा मायेने ती मला सांगत होती.

"आबांनी ह्याला जेवायला बसवलं होतं, आठवतं?"

तिने अगदी मनापासून आठवून पाहिलं. "नाही गं. फोटो आहे का?"

फोटो नव्हता. आम्ही तिघंच होतो आणि तिघंही जेवत होतो.

तिचं काही चुकलं नाही. मोठं होताना मुलांना वस्तूंमधला जीव काढून घ्यावाच लागतो, आम्हीही कधीतरी घेतला असेल. वाईट मला एवढ्याचंच वाटतं की ती दुपार आता एकट्या माझ्याकडे उरली आहे. हल्ली मला माणसांची नावंसुद्धा आठवत नाहीत. मी ती दुपार विसरले, की तशी पंगत आमच्या घरात कधी बसलीच नव्हती.