नानामामांनी मधे सरकवलेली काच

नानामामा गेल्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला आणि मी काय केलं माहितीये? रडायच्या आधी एसटीडी बूथवर धावले, जळगावला उलटा फोन लावला... खरंच का? ही संशयाची सवय त्यांचीच. आईचा हा भाऊ बारावीला फिजिक्स शिकवायचा आणि दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

ताईला पाहायला धुळ्याची मंडळी आली, तेव्हा तिला एमएस्सी करायची होती आणि आमच्या अप्पांना तिचं लग्न उरकायचं होतं. मुलगा इंजिनिअर, अप्पा खूश. पोहे झाले आणि नानांनी दोन रिकाम्या ताटल्या समोरासमोर उभ्या धरल्या! "बॅटरीनं या प्लेटा चार्ज केल्या. आता मधे काच सरकवली, तर व्होल्टेजचं काय होईल?"

"आमना पोर्‍याले बठ्ठं येस, इचारा!" मुलाचे वडील जोरात, म्हणजे पोराला सगळंच येतं म्हणे.

"कमी होईल," मुलगा म्हणाला.

"कसं? बॅटरी जोडलेलीच आहे ना! व्होल्टेज तेवढंच राहणार, प्लेटांवर चार्ज वाढणार."

"पण तुम्ही सांगितलंच नाही..."

"मग विचारायचं ना, भाऊ! अप्पा, मला तर याच्या डिग्रीचाच संशय येतो."

झालं, मंडळी चहा न घेताच उठली. अप्पांनी कितीतरी दिवस अबोला धरला, पण ताई एमएस्सीला गेली ती गेलीच.

पुढे मी बारावीत नानांकडेच शिकले आणि चाटच पडले. बॅटरी काढून घेतली असेल तर प्लेटांवरचा चार्ज तेवढाच राहतो, काचेमुळे मधलं विद्युतक्षेत्र कमजोर होतं आणि व्होल्टेज उतरतं. म्हणजे तो बिचारा बरोबर होता की! वर्गात तर नाना आधी बजावायचे, बॅटरी आहे की काढली ते सांगा, मग बोला. नेमके त्याच दिवशी विसरले? छे! तो 'तेवढंच राहील' म्हणाला असता, तर नानांनी बॅटरी काढली असती.

परवा जळगावला त्यांचं कपाट आवरताना मी ताईला धरलंच. "तूच सांगितलं होतंस ना त्यांना, हे स्थळ मोडा म्हणून?"

"मी? मला इतकी वर्षं वाटतंय तू सांगितलंस..."

आम्ही दोघींनी एकदमच आईकडे पाहिलं. ती खाली बसून नानांचे शर्ट आवरत होती. मान वर न करता तिनं घडी घातलेला एक शर्ट उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.